‘वहिनी, तिकडे आईंना करमणार नाही’

पत्र : आम्ही सात वर्षे जर्सी सिटीत भाड्याच्या घरात राहतो. पती रोज मॅनहॅटनला जातात, मुलगी सहा वर्षांची आहे आणि सासूबाई आता कायमच्या आमच्याकडे आल्या आहेत. साडेसात लाख डॉलरपर्यंतचे, तीन बेडरूमचे, स्टेशनपासून जवळचे घर घ्यायचे म्हणून आम्ही मंडळाच्या ओळखीतल्या एका मराठी एजंटकडे गेलो. पाच आठवड्यांत त्यांनी अकरा घरे दाखवली आणि अकराही एडिसन-आयझलिनमधली, म्हणजे भारतीयांची दाट वस्ती असलेल्या भागातली. मेपलवूडचे एक घर मीच शोधून पाठवले, तर म्हणाले, ‘वहिनी, तिकडची वस्ती मिक्स आहे, आईंना करमणार नाही, आणि उद्या विकताना त्रास होईल.’ क्रॅनफर्डचे पाठवले, तर म्हणाले, ‘तिकडे सगळे गोरे, तुम्ही एकटे पडाल.’ माझी ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, याला स्टीअरिंग म्हणतात आणि ते बेकायदा आहे. पती म्हणतात, दादा आपुलकीने सांगताहेत, यात कायदा कुठून आला? खरे सांगायचे तर पहिल्या ईमेलमध्ये ‘आजूबाजूला आपली माणसे असली तर बरे’ असे मीच लिहिले होते. मग चूक माझीच नाही का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. चूक तुमची नाही. तुमची मैत्रीण सांगते ते बरोबर आहे, आणि त्या गृहस्थांच्या मनात आपुलकीच असेल हे तुमच्या पतींचे म्हणणेही मला सहज पटते. परंतु तेवढ्याने त्यांची सुटका होत नाही. अमेरिकेच्या फेअर हाउसिंग ॲक्टनुसार वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, लिंग, अपंगत्व किंवा घरात लहान मुले असणे या सात कारणांपैकी कोणत्याही कारणावरून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणे किंवा एखाद्या वस्तीपासून परतवणे एजंटला मना आहे. हा कायदा राबवणाऱ्या केंद्रीय खात्याने, ज्याला इथे सगळे ‘हड’ म्हणतात, आपल्या नियमावलीत स्टीअरिंगचे प्रकार नोंदवून ठेवले आहेत. वस्तीतले दोष फुगवून सांगणे, तिथल्या चांगल्या गोष्टी सांगायच्या राहू देणे, आणि या कारणांपैकी एखाद्यावरून ‘तिथल्या रहिवाशांशी तुमचे जमणार नाही, तुम्हाला तिथे बरे वाटणार नाही’ असे गिऱ्हाइकाला सुचवणे हे सारे त्यात येते. ‘करमणार नाही’ आणि ‘एकटे पडाल’ हे तुमच्या पत्रातले शब्द मी त्या नियमाशेजारी ठेवून वाचले, तेव्हा कोणीतरी त्याचे मराठी भाषांतर करून ठेवल्यासारखे वाटले.

यात तुमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट आहे. एकाच एजंटने तुम्हाला दोन्ही बाजूंनी अडवले आहे : एका गावात इतर वर्णांचे लोक फार म्हणून, आणि दुसऱ्या गावात गोरेच फार म्हणून. दोन्ही वेळा दाखवलेले कारण घराचे नव्हते. छत किती जुने आहे, तळघरात पाणी येते का, मालमत्ता कर किती, स्टेशन चालत किती मिनिटांवर, यातले काहीच त्यांनी सांगितले नाही. शेजारी कोण असतील एवढेच सांगितले आणि त्यावरून तुम्ही कुठे राहावे हे परस्पर ठरवून टाकले.

‘विकताना त्रास होईल’ हे वाक्य ऐकायला निव्वळ व्यवहाराचे वाटते, म्हणून त्यावर जरा थांबते, कारण ते फार जुने आहे. या देशातल्या रिअल्टरांच्या, म्हणजे घरांच्या एजंटांच्या, राष्ट्रीय संघटनेने १९२४ मध्ये आपल्या आचारसंहितेत असे कलमच घातले होते की, ज्यांच्या येण्याने वस्तीतल्या किमती उतरतील अशा वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या लोकांना तिथे आणण्यास रिअल्टरने कधीही निमित्त होऊ नये. म्हणजे त्या काळी वळवणे हा गुन्हा नव्हता, न वळवणे हा नियमभंग होता. त्यातला ‘राष्ट्रीयत्व’ हा शब्द आपल्या लोकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. तीसच्या दशकात सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले आणि सर्वांत खालच्या प्रतीच्या वस्त्या लाल केल्या, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक त्या लाल रंगात गेल्या. त्या वस्त्यांतल्या घरांना कर्ज मिळेना, कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक येईना, गिऱ्हाईक नाही म्हणून किंमत उतरे, आणि उतरलेली किंमत पुन्हा त्या लोकांच्याच नावावर लिहिली जाई. आचारसंहितेतले कलम १९५० मध्ये बदलले, फेअर हाउसिंग ॲक्ट मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने आला, आणि या सगळ्या इतिहासाबद्दल संघटनेच्या अध्यक्षांनी जाहीर क्षमा मागितली ती थेट २०२० मध्ये. तेव्हा मेपलवूडचे नाव निघताच तुमच्या दादांच्या तोंडून जे सहज बाहेर पडले ते त्यांचे स्वतःचे निरीक्षण असेल असे मला वाटत नाही. धंद्यात एकाकडून दुसऱ्याकडे चालत आलेले ते वाक्य आहे, आणि एके काळी ते आपल्याविरुद्धही म्हटले जात होते.

कॅलिफोर्नियातल्या कला बगई आणि त्यांचे पती वैष्णोदास हे १९१५ मध्ये तीन मुलांना घेऊन पेशावरहून सॅन फ्रान्सिस्कोला आले. पुढे त्यांनी बर्कलीत घर विकत घेतले. सामान घेऊन ते राहायला गेले तेव्हा त्यांनी येऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवले होते. कलाबाईंनी तिथे राहायचे नाही असे ठरवले आणि कुटुंब माघारी फिरले. त्याच बर्कलीत २०२० मध्ये एका रस्त्याच्या भागाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. आज तुम्हाला कोणी कुलूप घालत नाही. विक्रीला असलेल्या घराची माहिती, म्हणजे लिस्टिंग, पाठवायचे राहून जाते, इतकेच.

आणि राहून गेलेले दिसत नसते, हीच या प्रकारातली मोठी अडचण आहे. तुम्हाला अकरा घरे दिसली; न दाखवलेली किती होती हे तुम्ही कसे मोजणार? म्हणूनच इथे चाचणीकार पाठवण्याची पद्धत आहे. उत्पन्न, अपेक्षा, बोलण्याची रीत सारखी असलेली, पण वर्ण किंवा मूळ देश वेगळा असलेली दोन माणसे एकाच एजंटकडे वेगवेगळी जातात आणि कोणाला काय दाखवले, काय सांगितले याची मग तुलना होते. अशा चाचणीकाराला घर घ्यायचे नसले तरी त्याला खोटी माहिती दिली गेली असेल तर तो दाद मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये व्हर्जिनियातल्या हेवन्स रिअल्टी खटल्यात सांगितले. तुमच्या शेजारच्याच लाँग आयलंडवर ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने तीन वर्षे ही पद्धत वापरून २०१९ मध्ये आपला तपास छापला. त्यात ९३ एजंटांच्या ८६ जोडीच्या चाचण्या होत्या. कृष्णवर्णीय चाचणीकारांना ४९ टक्के, हिस्पॅनिकांना ३९ टक्के आणि आशियाईंना १९ टक्के चाचण्यांत वेगळी वागणूक मिळाल्याचा पुरावा त्यांना आढळला. आशियाईंचा आकडा सर्वांत लहान आहे खरा, पण ज्या पाचातल्या एकाच्या वाट्याला ते येते त्याला त्या लहानपणाचा काय उपयोग?

आता तुमच्या त्या ईमेलकडे येते. घर कुठे घ्यायचे हे ठरवताना तुम्ही कोणताही विचार करू शकता. मंदिर जवळ हवे, सासूबाईंना दुपारी मराठीत बोलायला कोणी हवे, ओक ट्री रोडवर भाजी मिळते, या कारणांसाठी एडिसन निवडले तर त्यात कायद्याच्या दृष्टीने काही वावगे नाही आणि माझ्याही दृष्टीने नाही. बंधन गिऱ्हाइकावर नाही, एजंटवर आहे. तुम्ही ‘आपली माणसे’ असे लिहिल्यावर त्यांनी उत्तर द्यायला हवे होते की, वस्तीत कोण राहते यावरून मी घरे निवडून देऊ शकत नाही. बजेट, प्रवासाचा वेळ, खोल्या आणि हवी ती गावे कळवा, त्यात बसणारे प्रत्येक घर पाठवतो. बाकीचे तुम्ही स्वतः हिंडून पाहा. हे ऐकून तुम्हाला कदाचित राग आला असता. पुष्कळ मराठी गिऱ्हाइकांना येतो. ‘आपला माणूस असून साधे सांगत नाही’ अशी तक्रार मी मंडळाच्या जेवणाच्या रांगेत अनेकदा ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी ज्याच्याविरुद्ध ती असते तो एजंट मला शहाणा वाटला आहे.

ही सवय आपण येताना बरोबर आणतो, हेही सांगायला हवे. पुण्या-मुंबईत घर शोधताना दलालाने आडनाव विचारणे, ‘व्हेज की नॉनव्हेज’ विचारणे आणि त्यावरून पुढची चार घरे दाखवणे किंवा न दाखवणे हे आपल्याला इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात कोणी काही चूक केली असे वाटतच नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २००५ मध्ये अहमदाबादच्या एका गृहनिर्माण सोसायटीचा केवळ पारशांनाच सभासद करून घेण्याचा पोटनियम ग्राह्य धरला. त्यामुळे इथला कायदा दलालाच्या जिभेपर्यंत पोहोचतो हे तुमच्या पतींना नवल वाटले तर त्यांना फार दोष देऊ नका.

मग एजंटने सल्ला द्यायचाच नाही का? द्यायचा, आणि नीट द्यायचा. क्रॅनफर्ड ज्या रेल्वेमार्गावर आहे त्यावरच्या बहुतेक गाड्या न्यूअर्कपर्यंतच जातात आणि मॅनहॅटनसाठी तिथे गाडी बदलावी लागते. रोज जाणाऱ्या माणसाला हे सांगणे हा सल्ला आहे. क्रॅनफर्डमधून राहवे नदी वाहते आणि २०११ च्या आयरीन वादळात तिथल्या कित्येक घरांत पाणी शिरले. तुम्ही पाठवलेले घर पूररेषेच्या आत आहे की बाहेर हे पाहून सांगणे हा त्याहून मोलाचा सल्ला होता. मेपलवूडहून न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला सरळ गाडी मिळते, मात्र तिथला मालमत्ता कर चांगलाच जड आहे आणि साडेसात लाखांच्या घरावर त्यामुळे महिन्याचा हप्ता किती वाढतो हे कागदावर मांडून दाखवता आले असते. यातले काहीही ऐकून तुम्ही दोन्ही घरे नाकारली असती तर माझी काहीच तक्रार नसती. शाळांबद्दलही तसेच आहे. ‘तिकडच्या शाळा बऱ्या नाहीत’ हे पुष्कळदा ‘तिकडची मुले बरी नाहीत’ याचेच सभ्य रूप असते. शाळानिहाय अहवाल राज्याचे शिक्षण खाते प्रसिद्ध करते ते वाचा आणि शाळा उघडी असताना एकदा जाऊन या. एजंटचे मत त्यासाठी लागत नाही.

मेपलवूडबद्दल एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसावी. तिथल्या आणि शेजारच्या साउथ ऑरेंजमधल्या रहिवाशांनी १९९६ मध्ये एक संस्था काढली, ती याच कामासाठी : गावात सर्व वर्णांचे लोक येत राहावेत, आणि कोणी त्यांना गल्लीगल्लीत वेगळे बसवू नये. म्हणजे ज्या गोष्टीची तुम्हाला भीती घातली गेली ती त्या गावाने गेली तीसएक वर्षे आपणहून, मेहनतीने जपली आहे.

आता काय करायचे ते सांगते. आजच बसून तारखा लिहून काढा : कोणत्या दिवशी कोणते घर पाहिले, तुम्ही कोणते पाठवले, उत्तर काय आले. व्हॉट्सॲपवरचे निरोप पुसू नका आणि त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यानंतर एजंटला एक ईमेल पाठवा, फोन नको. मराठीत बोलत असलात तरी ईमेल इंग्रजीत असू द्या, उद्या तो तिसऱ्याने वाचायची वेळ येऊ शकते. मजकूर साधारण असा : ‘आमचा शोध कोणत्याही एका गावापुरता किंवा समाजापुरता मर्यादित नाही. पहिल्या ईमेलमधले त्या अर्थाचे माझे वाक्य मी मागे घेते. घरातून निघून मॅनहॅटनच्या ऑफिसात पोहोचायला सव्वा तासापेक्षा जास्त लागू नये, किमान तीन बेडरूम असावेत, तळमजल्यावर एक खोली आणि बाथरूम असावे आणि किंमत साडेसात लाख डॉलरपर्यंत असावी. मेपलवूड, साउथ ऑरेंज, क्रॅनफर्ड, मेटचन आणि एडिसन या पाच ठिकाणची यात बसणारी सर्व घरे कृपया पाठवावीत. वस्तीत कोण राहते याविषयी मत देऊ नये.’ तळमजल्याची खोली मी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी माझ्या मनानेच घातली आहे, नको असेल तर काढून टाका.

या ईमेलवर ते ताळ्यावर येतात की नाही ते आठवड्याभरात कळेल. पुष्कळ जण येतात, कारण लेखी वाक्य वाचले की परवाना आठवतो. तरीही गाडी एडिसनकडेच वळत राहिली, तर त्यांच्या ऑफिसच्या ब्रोकरला भेटा. एजंटच्या कामावर देखरेख ठेवणे ही ब्रोकरची जबाबदारी असते आणि दुसरा एजंट देणे किंवा करारातून मोकळे करणे त्याच्या हातात असते. करार तुम्ही केलेला असणारच, कारण रिअल्टर संघटनेने कमिशनच्या खटल्यात केलेल्या तडजोडीनंतर १७ ऑगस्ट २०२४ पासून घरे दाखवण्याआधी गिऱ्हाइकाशी लेखी करार करावा लागतो. त्यात मुदत किती, तो एकाच एजंटशी बांधून ठेवणारा आहे का, आणि मधेच दुसऱ्यामार्फत घर घेतले तर कमिशन कोणाला, ही तीन वाक्ये शोधून वाचा. ती न वाचता दुसऱ्या एजंटबरोबर हिंडायला लागू नका, त्यात तुमचेच नुकसान होऊ शकते.

तक्रार करायची की नाही हा निर्णय तुमचा, पण मुदती लक्षात ठेवा, कारण घर मिळाले की माणूस विसरतो. ‘हड’कडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करता येते, फेडरल न्यायालयात दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो. न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा तर १९४५ चा, म्हणजे फेअर हाउसिंग ॲक्टहून जुना आहे आणि आज तो घरांनाही लागू आहे. त्याखाली राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे जायचे तर मात्र १८० दिवसच मिळतात. तक्रारीला पैसे पडत नाहीत आणि वकील लागतोच असे नाही. माझे मत विचाराल तर ईमेलनंतर त्यांचे वागणे सुधारले तर ब्रोकरच्या कानावर घालून थांबणे पुरे आहे. न सुधारले तर तक्रार करा. तुमच्यासारखी पुढची वहिनी त्यांच्याकडे येणारच आहे, आणि तिचे काका-मामा त्यांना ओळखत असतील म्हणून तीही गप्प बसेल.

मंडळात तोंड कसे दाखवायचे, हे तुम्ही लिहिले नाही, पण ते तुमच्या पतींच्या मनात असणार. कायद्याने दिलेला हक्क वापरला म्हणून कोणी धमकावले किंवा त्रास दिला तर तोही याच कायद्याखाली वेगळा कायदेभंग ठरतो. दिवाळीच्या फराळाला कोणी तोंड फिरवले तर मात्र त्यावर कायद्यात इलाज नाही. मी असते तर त्या गृहस्थांना आधी समोर बसवून चहा पाजला असता आणि सांगितले असते की, दादा, तुमचा परवाना जाईल असे बोलू नका. आणि तो ईमेल त्यांच्यादेखत पाठवला असता.

एक राहिले. तुमच्या पत्रात सासूबाईंना काय वाटते हे सर्वांनी सांगितले आहे, फक्त त्यांनी स्वतः सांगितलेले कुठे दिसत नाही. येत्या शनिवारी त्यांना गाडीत घालून आधी मेपलवूडला न्या, स्टेशनासमोरच्या मेमोरियल पार्कमध्ये तासभर बसू द्या, गावातल्या दुकानांवरून चक्कर मारा, आणि तिथून ओक ट्री रोडला जेवायला या. गाडीने अर्ध्या तासाच्या आसपासचे अंतर आहे. परतताना त्यांनाच विचारा. घर कुठे घेतलेत ते मला जरूर कळवा.